मोठेबाबा खोलीत असताना

१८ नोव्हेंबर, सोमवार

आमच्या कापसाच्या जिनिंगचे मालक दरवर्षी डायरी देतात. आजवर एकातही मी ओळ लिहिली नाही. यंदाची शोधून काढली, कारण आईविषयी कोणाशी बोलायला गेलो की समोरचा माणूस मलाच धीर द्यायला लागतो. ते मला नको.

अकोल्याच्या डॉक्टरांनी आईला घरी पाठवलं. पोटाचा आजार आहे. डॉक्टरांनी त्याचं पूर्ण नाव सांगितलं, ते इथे लिहीत नाही. आता बरं होणं नाही, फक्त दुखू द्यायचं नाही, असं म्हणाले. एवढं तर मी करीन. बावीस वर्षं कापसाचा ग्रेडर आहे. शेतकरी गाडीत वर कोरडा कापूस पसरतो आणि खाली ओला दाबतो, मी सरळ खालून ओढतो. मला फसवणारा अजून भेटायचा आहे.

मोताळ्याहून वर-खाली होणारा पलंग भाड्याने आणला. आई म्हणाली, "खाली टाक मले." मी म्हटलं, काऊन? तर म्हणे, "ते येतीन ना."

ते म्हणजे मोठेबाबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ शेषराव. शेजारच्याच घरात राहतात. बाबा गेल्यावर आमचं शेत त्यांनीच वाहिलं, माझं शिक्षण त्यांनीच केलं. आई त्यांच्यासमोर कधी बाजेवर बसली नाही, डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, आणि पन्नासाच्या वर वर्षं झाली, त्यांच्याशी एक शब्द थेट बोलली नाही. काही सांगायचं तर भिंतीकडे पाहून सांगते, "म्हणा, चहा झाला." भासऱ्यापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, बाईने असंच राहायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. पण आता या वयात आणि या दुखण्यात कसली आली रीत? हट्टी आहे झालं. शेवटी गादी खाली घातली आणि पलंग ओसरीत उभा करून ठेवला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

बुलडाण्याहून सिस्टर आल्या. हिमानी नाव. वयाने लहान, पण बोलणं ठाम. असे घरी ठेवलेले पेशंट पाहणं हेच त्यांचं काम, दर गुरुवारी येणार. मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. ठरल्या वेळची गोळी चुकवायची नाही. मध्येच दुखलं तर मधली गोळी वेगळी. मधल्या किती लागल्या ते त्यांना सांगायचं, त्यावरून डॉक्टर डोस वाढवायचा का ते ठरवतील.

दुखणं मोजायचं कसं, हा प्रश्न होता. सिस्टरांनी शून्य ते दहा विचारलं. आई म्हणाली, "मले काय समजते बाई त्यातलं." मग हसरी-रडकी तोंडं काढलेला कागद दाखवला. आईने त्यातलं सगळ्यात हसरं तोंड दाखवलं, कारण ते गोंडस होतं. शेवटी सिस्टरांनी आईचाच हात हातात घेतला. मूठ म्हणजे दुखत नाही. एक बोट म्हणजे थोडं. पाचही बोटं म्हणजे सहन होत नाही. हे आईला पटलं. तिने लगेच तीन बोटं दाखवली.

"कुठे दुखतं आजी?"

आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कंबर."

जाताना सिस्टर मला म्हणाल्या, "दादा, विचारताना जवळ कोणी नको. एकट्यात विचारा." गलका नको म्हणत असतील. आमच्याकडे गलका करणारं आहे कोण? सगळी घरचीच माणसं.

मोठेबाबांना गोळ्या आवडल्या नाहीत. "अफूच हाय ते उद्धव. जपून देजो." मी त्यांना म्हटलं की डॉक्टरांनी दिलंय. पण मनात पाल चुकचुकली खरी.

२४ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी असल्याने आज दिवसभर घरी होतो, त्यामुळे सगळं नीट पाहता आलं.

मोठेबाबा सकाळी जेवण करून येतात. दारापासून खाकरत येतात, हीसुद्धा जुनीच रीत, बायकांना पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून. मग खुर्चीवर बसतात, तोंड खिडकीकडे. आईकडे पाहत नाहीत. पेपर मोठ्याने वाचतात, मग गावच्या गोष्टी सांगतात, कोणाची गाय व्याली, कोणाच्या तुरीवर अळी पडली. दिवे लागेपर्यंत बसतात. ऐंशी वर्षांचा माणूस, पाठ टेकत नाही.

ते आले की आई शांत होते. अगदी डोळ्यांदेखत. सकाळी कण्हत होती, मोठेबाबांचं खाकरणं ऐकलं आणि कण्हणं बंद. दुपारी मी दारातूनच विचारलं, "आई, किती?" तिने गोधडीखालून हात बाहेर काढला. मूठ. घट्ट आवळलेली मूठ, नखं पांढरी पडलेली.

"काईच नाही दुखत," मी मोठेबाबांना सांगितलं. त्यांचा चेहरा असा खुलला की मलाच भरून आलं.

ते घरी गेल्यावर मात्र आईने पाच बोटं दाखवली. मधली गोळी द्यावी लागली.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सिस्टरांना सांगितलं की दिवसा बरं असतं, रात्री त्रास. त्यांनी विचारलं, "दिवसा कोण असतं जवळ?" मी म्हटलं, माझी बायको रुख्मिणी असते आणि मोठेबाबा असतात, सोबतीने बरं वाटतं तिला. त्या "हं" म्हणाल्या. आज त्या संध्याकाळी आल्या होत्या, मोठेबाबा तेव्हा निघून गेले होते. भेट झाली नाही, नाहीतर त्यांनाही दिसलं असतं.

आज रुख्मिणीवर ओरडलो. तिचं म्हणणं, "मोठे मामंजी दुपारी घरी जाऊन जरा पडले तं बरं होईन." मी म्हटलं, का, त्यांना दोन कप चहा करून द्यायचा जड जातो का तुला? माझ्या बापाच्या जागी आहेत ते. ती म्हणाली, "चहाचं नाही म्हणून राह्यली मी. आईले..." आणि पाणी तापवायला गेली. आईचं अंग पुसणं, कपडे बदलणं ती एकटी करते. दार लावून घेते. थकत असेल. थकलं की माणूस असं काहीबाही बोलतं.

२ डिसेंबर, सोमवार

काल रात्री दोनदा मधली गोळी. आई उशीत तोंड घालून रडत होती. मी पाठीवरून हात फिरवत बसलो. कुठे दुखतं, विचारलं, तर कंबर. कंबर दाबून दिली तर म्हणे, "राहू दे."

सकाळी डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दिवसा मोठेबाबा असतात, तेव्हा दुखत नाही. रात्री नसतात, तेव्हा दुखतं. मग त्यांनी रात्रीही इथेच राहावं. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला इतके दिवस लागले! मोठेबाबांना विचारलं तर एका पायावर तयार. "त्यानं तिले तेवढं तरी बरं वाटते काय पाहू," म्हणाले.

त्यांची बाज आईच्या खोलीत, दाराजवळ टाकली. आईला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "म्हणा, इथी थंडी वाजन त्यायले. घरीच निजा म्हणा."

स्वतः अशी पडलेली, आणि काळजी कोणाची, तर मोठेबाबांच्या थंडीची! मी त्यांना दोन गोधड्या दिल्या.

५ डिसेंबर, गुरुवार

सिस्टरांचा फोन. त्यांची गाडी आज दुसऱ्या तालुक्यात आहे, येऊ शकत नाहीत. मी म्हटलं, काही घाई नाही, आई उत्तम आहे. मोठेबाबा रात्री राहायला आल्यापासून मधली गोळी एकदाही लागली नाही. त्या म्हणाल्या, "एकदाही नाही?" मी म्हटलं, एकदाही नाही.

डॉक्टरांना विचारून त्यांनी कळवलं की तोच डोस चालू द्या, वाढवायला नको.

८ डिसेंबर, रविवार

घरात शांतता आहे. मी रात्रभर झोपतो. कामावर लोक म्हणाले, चेहरा सुधारला. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटतो आहे. अफूची गोळी कमी लागते आणि आपल्या माणसाच्या सोबतीने भागतं, हे मोठमोठ्या डॉक्टरांना सुचलं नसतं.

आई जेवत नाही. दोन घोट पेज, तीही रुख्मिणी भरवते तेव्हाच. बोलतही नाही. शांत पडून असते. डोळे मिटलेले, कपाळावर घाम. थंडीत घाम कसा, म्हणून मी एक गोधडी काढली.

मोठेबाबा म्हणाले, "पोलादाची बाई हाय, उद्धवा. तुह्या बापानं नशीब काढलं होतं."

१० डिसेंबर, मंगळवार

आईच्या लुगड्याचा पदर कुरतडलेला दिसला. वीतभर चिंध्या झाल्या आहेत. सोयाबीन घरात भरल्यापासून उंदीर झालेत. मोताळ्याच्या बाजारातून औषध आणायला हवं.

रुख्मिणीला दाखवलं. ती तो पदर हातात घेऊन नुसती उभी राहिली. म्हणाली, "उंदीर ओला करते काय हो पदर?" मला कामाची घाई होती.

१२ डिसेंबर, गुरुवार

हे कसं लिहू?

सिस्टर सकाळीच आल्या. मोठेबाबा खुर्चीवर होते. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "सिस्टर, दहा दिवसांत मधली एकही गोळी नाही."

त्या हसल्या नाहीत. आईजवळ जमिनीवर बसल्या आणि कितीतरी वेळ नुसत्या पाहत राहिल्या. कपाळाकडे, ओठांकडे, श्वासाकडे. मग विचारलं, "आजी, किती?" मूठ बाहेर आली. सिस्टरांनी ती दोन्ही हातांत घेतली आणि एकेक बोट हळूच उलगडलं. तळहातावर नखांचे व्रण होते. काही वाळलेले, काही ओले.

त्या उठल्या आणि मोठेबाबांना म्हणाल्या, "आजोबा, जरा बाहेर बसा." मग माझ्याकडे वळल्या. "दादा, तुम्हीपण."

"मी मुलगा आहे तिचा."

"म्हणूनच."

दार लागलं. मोठेबाबा आणि मी अंगणात जाऊन बसलो. मला राग आला होता. माझ्याच घरातून मला बाहेर काढतात म्हणजे काय! थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग आवाज आला. तो आईचा आहे, हे कळायला मला वेळ लागला, कारण असा आवाज मी तिच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. ती ओरडत होती. थांबत होती आणि पुन्हा ओरडत होती. शेजारच्या बाया दारात आल्या.

मोठेबाबा म्हणाले, "कोण वरडून राह्यलं?" आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलेलं होतं. माझ्या आधी कळलं.

रुख्मिणी गरम पाणी न्यायला बाहेर आली. डोक्यावर पदर होता, पण मान खाली नव्हती. म्हणाली, "मोठे मामंजी, तुमी समोर बसले असले म्हणजे आईले कण्हता येत नाही. कशी कण्हन ती तुमच्यापुढं?"

मोठेबाबा म्हणाले, "मी तं तिले पेपर वाचून दाखवत होतो व बाई."

त्यांना मी बसवलं होतं. रात्रीची बाज मी टाकली होती. दहा दिवस, दहा रात्री. हे त्यांना सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

सिस्टर बाहेर आल्या तेव्हा आतून फक्त हुंदके येत होते. मधली गोळी दिली होती. अंगणातूनच डॉक्टरांना फोन करून डोस वाढवून घेतला. मला बाजूला नेऊन म्हणाल्या, "कंबर नाही, दादा. आजींना जिथे दुखतं ते त्या तुम्हाला कसं सांगतील?"

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे माझ्या आईला. लिहिलं. हात काही झडला नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी मोठेबाबा पिशवी भरून आले. आत आले नाहीत. खिडकीखाली उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रुख्मिणी! मी वरवट बकालले चाललो, माह्या पोरीकडे. आता इतक्यात येत नाही. सांगजो तिले. शेषराव गावात नाही म्हणजो!"

ते ऑटोत बसले. ऑटोवाला म्हणाला, बसस्टँडवर सोडू काय, तर त्याच्यावर खेकसले, "आधी हॉर्न वाजव बे. जोरात वाजव."

ऑटो गेल्यावर आई रडायला लागली. मी गोळी घेऊन उंबऱ्यापर्यंत गेलो आणि तिथेच थांबलो. रुख्मिणीने येऊन गोळी नेली.

तिला विचारलं, "तुला माहीत होतं, मग सांगितलं काऊन नाही?"

"सांगतलं होतं," ती म्हणाली. "तुमाले ऐकू नाही आलं."

१७ डिसेंबर, मंगळवार

जिनिंगवरून रजा घेतली. मी आता ओसरीत बसतो, गोळ्या माझ्याजवळ. आत रुख्मिणी विचारते आणि मला मोठ्याने सांगते, "तीन!" नाहीतर, "चार हायेत, लवकर आणा!" पलंग आत नेऊन लावला. आई त्यावर चढली, मुकाट्याने. उशाकडून उंच केला की श्वास बरा लागतो म्हणते.

डोस लागू पडू लागला आहे. काल दोन बोटांवर आलं. काल दुपारी तिने मला आत बोलावलं. कापसाला भाव काय निघाला, विचारलं. मी सांगितला. "कमीच हाय," म्हणाली. माझी नखं वाढलीत म्हणून रागावली. मी तिच्या पायाशी बसून होतो. मग तिचा चेहरा बदलला आणि ती म्हणाली, "जाय आता, उद्धवा. बाहेर जाय." मी बाहेर आलो. दार लागलं आणि ती कण्हायला लागली. माझ्याही समोर नाहीच.

मला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं. पण आत जात नाही.

मोठेबाबांचा रोज संध्याकाळी फोन येतो. कशी आहे, जेवली का, असं काही विचारत नाहीत. एकच विचारतात, "रडली काय आज?"

"हाव. सकाळी रडली, मंग दुपारी."

"चांगली रडली ना?"

"हाव मोठेबाबा."

"बरं झालं," म्हणतात आणि फोन ठेवतात.

२१ डिसेंबर, शनिवार

आई गेली. ऊन अंगणात उतरलं होतं. रुख्मिणी तिचे केस विंचरत होती. मी ओसरीत होतो. रात्री एक बोट, सकाळी मूठ, सैल, उघडी पडलेली. रुख्मिणी म्हणाली, खरीच मूठ आहे, मी दोनदा पाहिलं. मग तिने मला हाक मारली. मी आत जाईपर्यंत संपलं होतं.

शेवटच्या वेळी मी जवळ नव्हतो. लोक विचारतील. विचारू देत.

सगळ्यात आधी मोठेबाबांना फोन लावला. मी तोंड उघडायच्या आतच त्यांनी विचारलं, "रडली काय आज?"

"नाही, मोठेबाबा. आज नाही रडली."

पलीकडून त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.

मग ते म्हणाले, "मंग आता मी येऊ काय?"

"या," मी म्हटलं.